गॅरेजातलं गणित



"अभ्यास कर, नाहीतर गॅरेजात जाशील!" हे वाक्य मुलांच्या कानावर नेहमी पडतं. माझा धाकटा भाऊ गॅरेजातच असतो, शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधतो. त्यामुळे मला ते टोचतं.

क्रँक जिच्यात फिरतो ती मेन बेअरिंगची कॅप बसवताना त्याला बघावं. कॅप ब्लॉकला लावूनच बोअर केलेली असते, म्हणून तिच्यावर नंबर आणि बाण. जागा बदलायची नाही. क्रँकचा जर्नल अडीच इंची असेल तर तेलासाठी फट साधारण 0.0025 इंच, म्हणजे जेमतेम 0.06 मिलिमीटर! फार कमी झाली तर बेअरिंग जळतं, फार वाढली तर तेलाचा दाब पडतो. बोल्ट मधल्या कॅपपासून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळायचे. दर कॅपनंतर क्रँक हाताने फिरवून बघायचा. काही इंजिनांत मागच्या कॅपच्या कडेला सीलंट लागतं, तेही पातळच. जास्त झालं तर कॅप नीट टेकत नाही, कमी पडलं तर तेल गळतं.

पाचवीला दशांश अपूर्णांक शिकवताना मी हेच सांगते. 0.06 मोठं की 0.6? परवा मागच्या बाकावरून उत्तर आलं, "बाई, 0.6 ठेवलं तर इंजिन खडखडेल. माझे पप्पा मेकॅनिक आहेत." हे त्याने वर्गात पहिल्यांदाच सांगितलं.

म्हणून विनंती, गॅरेजाची भीती घालून अभ्यास करून घेऊ नका. शाळा सुटल्यावर त्या मुलाला त्याच बापाकडे जायचं असतं.