लेखनाची सवड आणि घरातले तास

चरितार्थाचा उद्योग, संसार आणि लेखन या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या एकाच आयुष्यातून वेळ मागतात, आणि मराठीत केवळ लेखनावर घर चालवता आलेल्यांची संख्या कधीच मोठी नसल्यामुळे ही ओढाताण मराठी लेखकाच्या वाट्याला जवळजवळ नियमाने येते. बुलढाणा जिल्ह्यापुरते पाहिले तरी हेच दिसते. 'शीळ'चे कवी ना. घ. देशपांडे मेहकरला वकिली करीत, 'बारोमास'चे कादंबरीकार सदानंद देशमुख महाविद्यालयात मराठी शिकवीत, आणि 'स्त्री पुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे या परंपरागत अर्थाने घरातच वावरणाऱ्या स्त्री होत्या. या तिघांच्या लेखनकाळात सुमारे सव्वाशे वर्षांचे अंतर सामावलेले असून त्यांच्या प्रकृतीही भिन्न आहेत. तरीही त्यांच्याकडे एकत्र पाहिले असता वेळेचा प्रश्न नेमका कोठे आहे हे बरेच स्पष्ट होते. तो लेखकाच्या शिस्तीत किंवा दिनक्रमात शोधण्याची सवय आपल्या समीक्षेला आहे. प्रत्यक्षात त्याचे उत्तर लेखकाच्या घरातील इतर माणसांचे तास कोठे खर्ची पडतात यात दडलेले असते.

ना. घ. देशपांडे यांचा जन्म १९०९ साली मेहकर तालुक्यात झाला आणि २००० साली त्यांचे निधन झाले. कायद्याची पदवी घेतल्यावर त्यांनी वकिलीसाठी मेहकरच निवडले. मेहकर हे पैनगंगेकाठचे गाव घाटावरचे आहे. जिल्ह्याचे लोक अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठारी भागाला घाटावरचा आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव हे तालुके ज्यात येतात त्या पूर्णेच्या खोऱ्यातील सखल भागाला घाटाखालचा म्हणतात, आणि मुंबई-नागपूर लोहमार्ग घाटाखालून गेल्यामुळे घाटावरची गावे दीर्घकाळ मोठ्या शहरांच्या वर्दळीपासून दूर राहिली. अशा ठिकाणी राहून, न्यायालयाच्या तारखा सांभाळीत (तारीख म्हणजे खटल्याच्या पुढील सुनावणीचा नेमलेला दिवस, ज्याच्याभोवती वकील आणि पक्षकार या दोघांचेही आयुष्य फिरत असते) या कवीने लिहिले. त्यांची 'शीळ' ही कविता गायक जी. एन. जोशी यांच्या आवाजात १९३० च्या दशकात ध्वनिमुद्रित झाली आणि मराठी भावगीताच्या, म्हणजे एखादी भावकविता स्वतंत्र चाल लावून गाण्याच्या प्रकाराच्या, प्रारंभीच्या यशांमध्ये तिची गणना होते. कविता घराघरांत पोचली होती, परंतु त्याच नावाचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला तो १९५४ साली, म्हणजे कवी पंचेचाळिशीत असताना. दुसरा संग्रह 'अभिसार' १९६३ साली आला आणि त्यानंतरच्या 'खूणगाठी'साठी १९८५ पर्यंत वाट पाहावी लागली. 'खूणगाठी'ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा कवीने पंचाहत्तरी ओलांडली होती.

दोन संग्रहांमध्ये बावीस वर्षे जाणे ही गोष्ट आजच्या लेखकाला भयावह वाटेल, कारण वर्षाला एक पुस्तक आले नाही तर वाचक विसरतील अशी धास्ती आता लेखकांच्या मनात खोल रुजलेली आहे. ना. घ. देशपांडे यांच्या उदाहरणावरून असे म्हणता येते की लेखनप्रकार आणि उपलब्ध वेळ यांचा एकमेकांशी निकटचा संबंध असतो. भावकविता लहान असते, तिचा आकार मनात धरून ठेवता येतो, चालताना किंवा प्रवासात तिची एखादी ओळ घासूनपुसून पाहता येते, आणि कामाच्या मध्ये मिळालेल्या तुटक वेळातही ती पुढे सरकू शकते. कादंबरी मात्र सलग दिवस मागते, कारण तिच्यातील माणसे आणि प्रसंग यांचा धागा आठवडाभर सुटला की तो पुन्हा हाती यायलाच चार दिवस लागतात. व्यवसायात बुडालेल्या माणसाने गीत निवडले की गीताने त्याला निवडले, हे ठरवणे कठीण आहे. परंतु प्रसिद्धीची निकड न मानता, कविता पिकू देणारा जो संथपणा त्यांच्या कवितेत जाणवतो, त्याला त्यांच्या वकिलीने आणि त्या आडवळणाच्या गावाने हातभार लावला असावा असे मानायला जागा आहे. वकिलीने कवीचा वेळ घेतला हे खरेच, पण कवितेच्या बळावर घर चालवण्याची सक्तीही तिनेच दूर ठेवली. पोटाच्या कामाकडे केवळ लेखनाचा शत्रू म्हणून पाहणाऱ्यांनी ही दुसरी बाजू ध्यानात घ्यायला हवी.

मात्र या वर्णनात एक मोठी जागा रिकामी राहते. नोकरी किंवा व्यवसाय करून लिहिणाऱ्या पुरुष लेखकांबद्दल बोलताना दिवसाचे दोन भाग कल्पिले जातात, एक कामाचा आणि दुसरा लेखनाचा. संध्याकाळी घरी परतल्यावर पाणी भरलेले असणे, स्वयंपाक झालेला असणे, आजारी मुलाला कोणीतरी दवाखान्यात नेऊन आणलेले असणे आणि आलेल्या पाहुण्यांची उठबस होणे हे सारे आपोआप घडत असल्यासारखे गृहीत धरले जाते. त्या श्रमाची छापील नोंद अनेकदा पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत, एका ओळीत, तेवढीच सापडते. लेखनाला लागणारी जी सवड, म्हणजे ज्या वेळात इतर कोणाची हाक आपल्याला उठवणार नाही याची खात्री असते असा वेळ, ती कोणीतरी दुसऱ्याने आपल्या तासांतून काढून दिलेली असते. हे नाते आता आकड्यांतही मांडता येते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळवापराचे सर्वेक्षण केले, म्हणजे माणसे दिवसाचे चोवीस तास कोणत्या कामात घालवतात याची घरोघर जाऊन नोंद घेतली. त्यात विनामोबदला घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्या कामात जातात आणि तसा भाग घेणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे जातात असे आढळले. शिवाय त्या दिवशी असे काम करणाऱ्या स्त्रिया शंभरात एक्याऐंशी होत्या आणि पुरुष जेमतेम सव्वीस. जवळजवळ पाच तास रोज, आणि तेही सणवार वा रविवार न पाहता. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉखशील्ड यांनी नोकरी करणाऱ्या स्त्रीला घरी आल्यावर जी न संपणारी कामे करावी लागतात त्यांना १९८९ च्या आपल्या ग्रंथात दुसरी पाळी असे नाव दिले. वऱ्हाडातील शेतमजूर बाईला, जी दिवसभर निंदण किंवा कापूसवेचणी करून सांजवेळी चूल पेटवते, ही गोष्ट नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

ताराबाई शिंदे यांचा विचार या संदर्भात करावा लागतो. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकून होते, सत्यशोधक विचारांशी त्यांचा संबंध होता, आणि मुलीला वाचायला लिहायला शिकवण्याचे धाडस त्यांनी त्या काळात केले. वऱ्हाडात मराठा घराण्यांतील स्त्रियांवर घराबाहेर न पडण्याचे जे बंधन होते त्याचा उल्लेख ताराबाईंनी स्वतःच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत केला आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून १८८१ साली झालेली फाशीची शिक्षा, आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर झालेली टीका, यांना उत्तर म्हणून त्यांनी 'स्त्री पुरुष तुलना' हा निबंध लिहिला. तो १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. जोतीराव फुले यांनी 'सत्सार' या आपल्या नियतकालिकातून त्याची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ साली तो निबंध पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत त्र्याण्णव वर्षे लोटली होती, आणि १९१० च्या सुमारास निधन पावलेल्या लेखिकेची ओळखही धूसर झाली होती.

मेहकरच्या कवीची बावीस वर्षांची स्तब्धता आपण संयम म्हणून वाचतो, आणि बुलढाण्याच्या या लेखिकेची उरलेल्या आयुष्यभराची स्तब्धता वाचण्यासाठी आपल्याकडे शब्दच नसतो. ताराबाईंच्या घरी वडिलांचा पाठिंबा होता, पतीही घरजावई म्हणून सासऱ्यांच्या घरी राहत होता आणि मूलबाळ नव्हते असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. म्हणजे सासुरवास आणि मुलांचे संगोपन या दोन गोष्टींनी त्यांचे तास खाल्ले असे सरळ म्हणता येत नाही. याचा अर्थ मोकळ्या तासांखेरीज लेखनाला आणखी काही लागते. वाचून प्रतिसाद देणारी माणसे लागतात, पुढचे पुस्तक कोणीतरी मागावे लागते, आणि लिहिणारीला घराबाहेरच्या जगात उभे राहण्याची मुभा लागते. पुरुषाला हे सारे कचेरी, न्यायालय, वाचनालय आणि चहाची टपरी यांतून सहज मिळत असते. नोकरी माणसाचा वेळ घेते आणि त्याच्या बदल्यात त्याला जग देते. ज्या स्त्रीला नोकरीही नाही आणि उंबरठ्याबाहेरचे जगही नाही, तिच्याकडे वेळ असला तरी तो लेखनाकडे वळण्याचे मार्ग बंद असतात. मराठी गद्यातील इतके धारदार पुस्तक लिहिणारी स्त्री पुढे अबोल राहिली ही आपल्या वाङ्मयाची फार मोठी हानी आहे, आणि तिची खंत जिल्ह्याने तरी उघडपणे बाळगावी.

काम आणि शब्द यांची अशी फारकत नेहमीच होती असे नाही. जिल्ह्याच्या शेजारच्या खानदेशात, जळगावजवळच्या आसोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता वाचता येत नव्हते. शेतातली आणि घरातली कामे करताना त्या गाणी रचीत, घरातील इतर कोणी ती उतरवून घेत, आणि १९५१ साली त्यांचे निधन झाल्यावर पुढच्या वर्षी मुलगा सोपानदेव यांच्यामुळे ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच आहे. पहाटे दळण दळताना बायकांनी रचलेल्या आणि एकमेकींना दिलेल्या या दोन-तीन ओळींच्या रचना संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक संख्येने गोळा केल्या. पिठाची गिरणी आली आणि हाताचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. दळण्याच्या त्या श्रमाचे गोडवे गाणाऱ्यांनी पहाटे तीनला उठून दोन पायल्या जोंधळा दळून पाहिलेला नसतो. परंतु गिरणीने वाचवलेला तास त्या बाईला परत मिळाला नाही, तो दुसऱ्या कामांनी घेतला, आणि जात्याबरोबर ओवी मात्र गेली. यंत्राने वेळ वाचतो, पण तो कोणाच्या नावावर जमा होतो हे घरातील रीत ठरवते.

रिकामा वेळ आणि सवड या दोन वेगळ्या अवस्था आहेत हे सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'मधून फार तीव्रतेने जाणवते. चिखली तालुक्यातील अमडापूरचे हे लेखक शेतकरी घरातून आलेले. २००२ साली आलेल्या त्यांच्या या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिचा नायक एकनाथ शिकूनही नोकरी न मिळालेला, कोरडवाहू शेतीत अडकलेला तरुण आहे. कोरडवाहू म्हणजे केवळ पावसाच्या भरवशावर केलेली शेती, आणि घाटावरच्या अशा शेतीत पेरणी, डवरणी आणि सोंगणी संपल्यावर हाताला काम नसलेले दिवस भरपूर असतात. ते दिवस विसाव्याचे नसतात, कारण कर्ज, पावसाची वाट आणि घरातील कुरबुर त्यांत सतत चालू असते. अशा वेळात कोणी निवांतपणे लिहू शकत नाही. त्या अनुभवाला कादंबरीचा पट मिळाला तो अध्यापनाच्या पगाराने ज्याला स्थैर्य दिले अशा लेखकाच्या हातून, आणि जिल्हा सोडून न गेलेल्या लेखकाच्या हातून, ही बाब महत्त्वाची आहे. कामाचे तास ठरलेले असले, महिन्याचे उत्पन्न ठरलेले असले आणि उन्हाळ्याची सुटी सलग मिळाली, तर कादंबरीसारखा दीर्घ प्रकारही जिल्ह्याच्या ठिकाणी राहून लिहिता येतो. म्हणूनच कायम नोकऱ्यांची जागा तासिका तत्त्वावरील, म्हणजे घेतलेल्या तासांपुरताच मोबदला देणाऱ्या, नेमणुकांनी घेतल्यापासून मराठीचे शिक्षक झालेले जे तरुण दोन-तीन महाविद्यालयांत धावाधाव करून महिना काढतात, त्यांच्यापैकी किती जणांच्या मनातली पुस्तके मनातच राहतील याची चिंता साहित्यसंस्थांनी करायला हवी.

वय पुढे सरकत असताना लेखकाला वाटणारी घाई खरी असते. मुले मोठी होतात, आईवडील थकतात, दृष्टी अधू होते, आणि निवृत्तीनंतर लिहू म्हणून ठेवलेले विषय निवृत्तीपर्यंत टिकतातच असे नाही. या घाईवर पहाटे लवकर उठण्याचा उपाय वारंवार सांगितला जातो. तो ज्याच्या हाती आहे त्याने अवश्य करावा. परंतु ज्या घरात पहाटेचे पाणी भरणे, डबे करणे आणि गोठ्यातील शेण काढणे एकाच माणसाकडे आहे, तेथे लवकर उठल्याने कामच लवकर सुरू होते, लेखन नव्हे. आज मेहकर, लोणार, चिखली, सिंदखेडराजा, जळगाव जामोद येथील अंगणवाडी सेविका, शिक्षिका, परिचारिका आणि शेतकरी स्त्रिया यांच्यात ज्या कोणी वहीत काही लिहून ठेवीत असतील, त्यांच्या घरच्या पुरुषांनी आठवड्यातील दोन संध्याकाळचा स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास आपल्याकडे घ्यावा, तोही मदत म्हणून न घेता स्वतःचे काम म्हणून घ्यावा. आणि गावच्या वाचनालयांनी त्या वह्या मागून वाचाव्यात, कारण ताराबाईंकडे दुसरे पुस्तक मागायला कोणी गेले होते अशी नोंद नाही.