पांढऱ्या रश्श्याचं वाटण

कोल्हापुरात फूड प्रोसेसरची खरी परीक्षा कणकेवर होत नाही, पांढऱ्या रश्श्यावर होते. तांबड्यात चटणीचा रंग, वर आलेला कट आणि भाजक्या कांद्याचा वास यांच्या आड वाटणातलं जाडंभरडं खपून जातं. पांढऱ्यात लपायला जागाच नाही. खसखशीची एक कणी दाताखाली आली तरी वाटीमागून वाटी रिचवणारा पाहुणा थबकतो. पाट्यावर वाटणाऱ्या बायका वाटण चिमटीत घेऊन अंगठ्यानं चोळून बघायच्या. “अगं, अजून कणी लागतीया, फिरव की,” असं सासू सुनेला सांगायची. वरवंटा गेला, बटण आलं. पण ती चिमूट सोडू नये, असं मला मनापासून वाटतं. यंत्राला वेग आहे, वाटण झालं की नाही हे मात्र बोटालाच कळतं.

आपल्याकडचं यंत्र जन्मलं तेच वाटणाच्या गरजेतून. मुंबईत सीमेन्समध्ये अभियंता असलेल्या सत्यप्रकाश माथूर यांच्या घरातलं परदेशी यंत्र बंद पडलं, तेव्हा 1963च्या सुमारास त्यांनी आपल्या स्वयंपाकाला पुरून उरेल अशा दमदार मोटरीचा मिक्सर घडवला. तोच पुढं घरोघरी पोचलेला ‘सुमीत’. फ्रान्समधला मॅजिमिक्स हा फूड प्रोसेसर 1970च्या दशकाच्या सुरुवातीचा: रुंद भांडं, तळाशी पातं, वर बदलायच्या चकत्या. आज मिक्सरचा जार आणि हे रुंद भांडं एकाच मोटरीवर बसतात, आणि फसगत होते ती तिथंच. रुंद भांड्यातलं पातं चिरतं, ते वाटत नाही. मूठभर खसखस त्यात घातली तर ती उडून कडेला चिकटते आणि पातं मोकळंच फिरत राहतं. तिला चटणीचा लहान जारच लागतो.

खसखस आणि थोडे तीळ गरम पाण्यात तासभर तरी भिजू द्यावेत, सोबत काजू. तिळाचा हात आखडता ठेवावा, जास्त झाले तर कडसर चव पुढं येते. आधी पाणी निथळून, जेमतेम चमचा-दोन चमचे पाण्यावर जार फिरवावा. पहिल्यालाच पाणी ओतलं की दाणे पात्याबरोबर नुसते गरगरतात, चिरडत नाहीत. थांबावं, कडेचं वाटण खाली ओढावं, पुन्हा फिरवावं. वाटण साईसारखं मऊ लागलं की मगच पाणी वाढवावं. ओलं खोबरं वेगळं, कोमट पाण्यात फिरवून पातळ फडक्यातून पिळावं. पहिलं घट्ट दूध बाजूला ठेवून मटणाच्या अळणी पाण्यात वाटण शिजल्यावर शेवटी घालावं आणि खळखळून उकळू देऊ नये, नाहीतर ते फुटतं. हा सगळा वेळ मला वाया गेल्यासारखा कधीच वाटत नाही. पाट्यावर याच कामाला हात भरून यायचे.

तांबड्याच्या वाटणाचं दुखणं वेगळं, तिथं घात करते ती उष्णता. कांदा-खोबरं भाजून लगेच जारमध्ये टाकलं की वाफ कोंडते, खोबऱ्याला तेल सुटतं आणि वाटणाचा गोळा होतो. परातीत पसरून गार होऊ द्यावं, मग बटण दाबत-सोडत फिरवावं. कच्च्या कांद्यालाही तेच. सलग फिरवला की पेशी फुटून पाणी सुटतं, गंधकाचा उग्रपणा वर येतो आणि कांदा फोडणीत परतण्याऐवजी उकडत बसतो. मोटर मध्येच थांबली तर बहुतेक वेळा जार गच्च भरलेला असतो. निम्मं काढावं, जरा निवू द्यावी, मग बुडाशी असलेलं लाल बटण दाबावं. कणीक मात्र यंत्राला झकास जमते: आधी पीठ, मग बारीक धारेनं पाणी, गोळा झाला की बंद.

वर्षाच्या चटणीचं कांडप यंत्रानं घरी करायच्या भरीस पडू नये. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी आणि लवंगी तिखटाला. भाजलेल्या मसाल्यासह ही रास डंकावरच कुटावी. तिथं लोखंडी मुसळ वरखाली पडत राहतं. घरच्या जारमध्ये एवढी मिरची फिरवायची तर पातं तापतं आणि वास उडतो. घरच्या यंत्राचं काम त्याच्या आधीचं: सुकं खोबरं किसायचं आणि कांदे कापायचे. इथं चकतीला तोड नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात गच्चीवर कांदा पसरायचा तर काप एकसारखे हवेत. जाड-बारीक झाले तर तळताना बारीक करपतात आणि जाड आतून ओले राहतात. तेवढ्या ओलीवर बरणीतली चटणी भादव्यातच बुरसते.