मालवणची नारळी पौर्णिमा
नारळी पौर्णिमेस मालवणास जावें, असा मातोश्रींचा आग्रह पडला, म्हणून आम्ही इन्सुलीहून सहकुटुंब निघालों. १६६४ सालीं महाराजांनीं कुरटे बेटावर बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग पाहावा आणि पुढें राजाराममहाराजांनीं उभारलेल्या शिवराजेश्वराच्या मंदिरांत एकदां मस्तक ठेवावें, एवढीच त्या चौऱ्याऐंशीं वर्षांच्या जीवाची इच्छा! मुलांना ओढ होती ती दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींची. चोहोंकडे खारट समुद्र आणि मध्यें गोडें पाणी, हें नवल तें केवढें!

धक्क्यावर येऊन पाहतों तों किल्ला समोर, आणि पावसाळ्यामुळें होड्या बंद. ही चौकशी आधीं करावयास हवी होती. दोष सर्वस्वीं आमचा.

सायंकाळीं वाजतगाजत श्रीफळ समुद्रास अर्पण झालें. ग्रीसच्या बेटांवर ६ जानेवारीस धर्मगुरु समुद्रांत क्रूस टाकतात व तो काढण्यासाठीं तरुण थंड पाण्यांत उड्या घेतात. आमच्याकडे मात्र दर्याला दिलेलें परत मागावयाचें नसतें.

मातोश्रींनीं नारळ सोडला, किल्ल्याकडे पाहून हात जोडले आणि विचारलें, "मार्गशीर्षांत नेशील ना रे?"

आम्ही होय म्हटलें. पण त्यांच्या मुखाकडे पाहवेना.