डोळ्याचं जॉइंट खातं

माणसाला नाकाच्या आकाराची काळजी असते, पोटाच्या आकाराची असते. बुबुळाच्या आकाराची काळजी वाहणारा जालना शहरात बहुधा मी एकटाच असेन. माझ्या उजव्या बुबुळावरची काच, म्हणजे कॉर्निया, भज्यासारखी गोल असायचं सोडून समोशासारखी टोकदार झाली. डॉक्टरांनी तिला केराटोकोनस असं भारदस्त नाव दिलं. ही काच जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. पण डोळ्यात शिरणारा उजेड वळवण्याचं दोन तृतीयांश काम तीच करते. आमच्या शाखेतही असा एक शिपाई आहे.

वीस वर्षं टणक लेन्सवर निभावलं. मग डोळा लेन्सला घरात घेईना, तेव्हा शस्त्रक्रिया ठरली. नाव डाल्क. "डाळ कसली?" आमच्या सौ.नी विचारलं. यात कॉर्नियाचे पुढचे थर मृत माणसाने दान केलेले बसवतात, अगदी मागचा पापुद्रा आपलाच ठेवतात. तो सुटावा म्हणून मध्ये हवा भरतात. फुलका टम्म फुगतो तसा! सौ.ना शस्त्रक्रियेतलं एवढंच पटलं. १९०५ साली डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुराला अख्खा कॉर्निया बसवून दृष्टी दिली होती. आमचं काम निम्म्यात भागलं. शिवाय आतला पापुद्रा घरचाच असल्याने शरीराने पाहुण्याला हाकलण्याचा धोका कमी.

सिनेमात पट्टी सुटली की पहिल्यांदा आई दिसते. मला एका डॉक्टरांच्या जागी दोन दिसले, दोघेही धुक्यात. फी मात्र एकाचीच घेतली.

"दिसेल हो, वर्ष-सव्वा वर्ष थांबा," ते म्हणाले. बुबुळाला सोळा टाके होते, केसाहून बारीक. सुतळीची बाज एका बाजूने ताणली की दुसरीकडे झोळ पडतो, तसं टाक्यांचं असतं. यंत्रावर बुबुळाचा नकाशा निघे. उंचवटे लाल, सपाटी निळी. जिथे ताण जास्त, तिथला टाका काही महिन्यांनी काढायचा, की आकार बदलला, नंबर बदलला! चष्म्यात सिलिंडरचा नंबर आला तेव्हा सौ. म्हणाल्या, "गॅसचा तरी वेळेवर येतो."

काउंटरवर मात्र विनोद सुचेना. ३ की ८, कळेना. एकदा निराधार योजनेचे पैसे न्यायला आलेल्या आजीबाईंची स्लिप मी नाकाला लावून वाचत होतो.

"सायेब, मला बी दिसंना, तुमाला बी दिसंना. मग पैसं मोजतंय कोण?"

अख्खी शाखा हसली, मीही हसलो. त्या रात्री झोप लागली नाही. डावा डोळाही समोशाच्या वाटेवर होता, आणि न दिसणाऱ्या क्लार्कला बँकेत काय काम देतात, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच आवक-जावकचं टेबल मागून घेतलं.

एक गोष्ट कारकुनाच्या डोक्याला खटकत राहिली. आमच्याकडे साधं खातं उघडायचं तर फोटो, आधार, पॅन, सही. आणि नेत्रपेढीतून आलेल्या या ठेवीवर ठेवीदाराचं नाव नाही! विचारलं, तर ते सांगत नसतात. डोळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घ्यावे लागतात म्हणे. म्हणजे कुणाच्या तरी घरात, माणूस खाली ठेवलेला असताना, कुणीतरी डोळे पुसून फोन फिरवला. मी जॉइंट खातेदार, आणि पहिल्या खातेदाराला ओळखत नाही.

चौदाव्या महिन्यात शेवटचा टाका निघाला, नकाशा बराचसा हिरवा झाला आणि चष्मा ठरला. पहिल्यांदा दिसले ते सौ.चे पांढरे केस. ते मी बोललो नाही. पुन्हा काउंटर मिळाला. आजीबाई आल्या.

"दिसू लागलं का?"

"लागलं, आजी."

"मग मोजा."

तीनच नोटा होत्या. मी दोनदा मोजल्या.