अकराशे मीटरची नदी

चाचणीत प्रश्न होता, 'नदी म्हणजे काय?' एका मुलीनं लिहिलं होतं, 'आमच्या वाडीमागून वाहते आणि समुद्राला मिळते ती.' मी लाल पेनने शेजारी लिहिलं, 'तो ओढा आहे', आणि अर्धा गुण कापला. पेपर हातात पडल्यावर ती टेबलापाशी आली. "बाई, पाणी समुद्रातच जातं की. मग ओढा का?" मी म्हटलं, "लहान आहे गं." तर म्हणते, "किती लहान असला की ओढा?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. घरी आल्यावर शोधत बसले आणि फ्रान्समधली व्हल नदी सापडली.

व्हल नॉर्मंडीत आहे. लांबी जेमतेम अकराशे मीटर. व्हल-ले-रोझ या गावात उगम, त्याच गावातून प्रवास आणि गाव संपलं की इंग्लिश खाडी. रमतगमत चाललं तरी अर्ध्या तासात अख्खी नदी बघून होते! आणि तरीही फ्रेंच माणूस तिला ओढा म्हणत नाही. त्यांच्याकडे नदीला दोन शब्द आहेत. समुद्राला मिळते ती 'फ्लव्ह' आणि दुसऱ्या नदीला मिळते ती 'रिव्हिएर'. मार्न नदी पाचशे किलोमीटरहून लांब, पण ती सेन नदीला मिळते, म्हणून रिव्हिएर. आपली व्हल मात्र फ्लव्ह. या हिशेबाने आपली भीमासुद्धा रिव्हिएरच ठरेल, कारण ती कृष्णेला मिळते. तिथे लांबी विचारत नाहीत, कुठे पोचलीस ते विचारतात.

एवढ्याशा नदीला पाणी येतं कुठून? तिथे डोंगर नाही, पठार आहे, आणि ते चॉकच्या खडकाचं. (फळ्यावरचा आपला खडू आता बहुतेक जिप्समचा असतो. हा खरा चॉक, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्म समुद्री जीवांच्या कवचांचा.) पठारावर पडलेला पाऊस या सच्छिद्र दगडात सावकाश मुरतो आणि दरी जिथे भूजलाच्या पातळीपर्यंत खोल जाते तिथे झऱ्यांच्या रूपात वर येतो. म्हणजे नदी दिसते अकराशे मीटर, पण तिचा खरा पसारा जमिनीखाली आहे. म्हणूनच ती उन्हाळ्यातही वाहती, थंड आणि नितळ राहते. उगमापाशीच वाफे करून वॉटरक्रेस नावाची तिखटसर पालेभाजी लावतात. तिला असंच स्वच्छ, वाहतं पाणी लागतं. पुढे पाणचक्क्या. एकेकाळी या इवल्याशा प्रवाहावर ओळीने चक्क्या होत्या, धान्य दळायच्या, तेल गाळायच्या. त्यांतली काही चाकं आजही फिरतात. मग गवताने शाकारलेली घरं, जनावरांना पाणी पाजायची जुनी जागा आणि शेवटी पांढऱ्या कड्यांमधला गोट्यांचा किनारा.

व्हिक्टर ह्यूगो इथे आपल्या मित्राकडे, पॉल म्यूरिसकडे, येऊन राहत असे. १८८२ साली त्याने गावातल्या शंभर गरीब मुलांना जेवण दिलं होतं. नदीपेक्षा हीच गोष्ट माझ्या वर्गाला जास्त आवडली, हे कबूल करते. जेवणात काय होतं, हे सगळ्यांना हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तो अर्धा गुण परत दिला, वर्गासमोर. वाटलं, विषय मिटला. पण तीच मुलगी पुन्हा उठली. "बाई, आमची मार्चमध्ये आटते. त्यांची का नाही आटत?" मग फळ्यावर दोन दगड काढले, एक चॉकचा आणि एक आपला जांभा. जांभ्यातही पाणी मुरतं, पण आपला पाऊस चार महिन्यांत कोसळतो, उतार तीव्र, पाणी लगेच समुद्रात. तिथे पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो आणि दगड तो धरून ठेवतो. हे पोरांना पटलं.

आता त्यांना वाडीमागची नदी मोजायची आहे. सुतळीला दर मीटरला गाठ मारण्याचं काम सुरू आहे. ओढा म्हटलं की ती मुलगी अजून माझ्याकडे बघते.