चुकलेलं क्रियापद

आमच्या केसपेपरवर एक रकाना असायचा, ‘व्यसन’. पुढे ठिपक्यांची रेघ. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी प्रसूतितज्ज्ञ म्हणून दवाखाना थाटला तेव्हापासून त्या रेघेवर मी एकच शब्द लिहीत आले : नाही. शेवटची पाळी, आधीची बाळंतपणं, रक्तगट, हिमोग्लोबिन, सगळं नीट विचारायचे. या रकान्याशी आलं की मान वर न करता म्हणायचे, “तंबाखू-बिंबाखू खात नाही ना?” उत्तर मीच प्रश्नात घालून ठेवलेलं. समोरची म्हणायची, “न्हाई.” मी लिहायचे, नाही. चला, पुढचा पेशंट.

दहा-अकरा वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग एक बाई आली. दुसरं बाळंतपण, घरची थोडी शेती. तपासणीला एकदाही खाडा नाही, गोळ्या वेळेवर. तरी सातव्या महिन्यापासून बाळाची वाढ मागे पडली. रक्तदाब ठीक, साखर ठीक, हिमोग्लोबिन जेमतेम दहा. छत्तिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, एक किलो आठशे ग्रॅम. तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि मी फाईल पुन्हा पहिल्या पानापासून चाळायला बसले. “एवढं सगळं नीट होतं, मग कारण काय?” असं स्वतःशीच पुटपुटले असेन. फरशी पुसणाऱ्या आमच्या मावशींनी ऐकलं.

“मिशरी लावती की ती, मॅडम.”

“मी विचारलं होतं. तंबाखू खात नाही म्हणाली.”

“मग खरंच सांगितलं तिनं. खाती कुठं? लावती.” आणि कमरेला खोचलेली पत्र्याची डबी काढून म्हणाल्या, “मी बी लावती.”

तंबाखू खातात ते पुरुष. बायका मिश्री लावतात, कुंकू लावावं, तेल लावावं तशी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळी उठल्याबरोबर दातांना, हिरड्यांना बोटानं चोळायची. ज्या गावात मी लहानाची मोठी झाले, तिथे हे मी आजीच्या वयाच्या कितीतरी बायकांना करताना पाहिलं होतं. पण डॉक्टरच्या खुर्चीत बसले आणि माझं मराठी पुस्तकी झालं. क्रियापद चुकलं आणि हजारो उत्तरं चुकली.

त्या बाईच्या खाटेशी गेले. रक्त कमी आहे का पाहायला दर महिन्याला मी तिची नखं दाबून बघत असे. त्याच उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक काळं होतं. चुलीची काजळी असेल, असं मी धरून चालले होते. “दिवसातून किती वेळा लावता?” आता बरोबर विचारलं. “पाच-सहा बार. न्हाई लावली तर पोट साफ हुईना. गोळ्यांनी लईच जड हुतं.”

त्या गोळ्या लोहाच्या होत्या. माझ्याच. बद्धकोष्ठ होतो हे मला ठाऊक होतं, त्यावर उपाय मात्र दिला नव्हता. म्हणजे तिची मिश्री वाढवायला माझाही हातभार होता.

त्या मुलीचं वजन मिश्रीमुळेच कमी भरलं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एका बाळाबद्दल तसं कुणालाच सांगता येत नाही. पण निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि वारेतून बाळाला मिळणारं रक्त कमी होतं, एवढं पक्कं आहे. २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास छापून आला होता. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं होतं आणि बाळंतपणं सुमारे सहा दिवस आधी झाली होती. तीन किलोच्या बाळाला १०५ ग्रॅम जाणवणार नाहीत; दोन किलोच्या काठावरच्या बाळाला ते फार महाग पडतात. अभ्यास आपल्याच राज्यातल्या बायकांचा होता. मी तो या मुलीच्या जन्मानंतर वाचला.

दुसरी चूक लगेच केली. अपराधीपणाचं ओझं उतरवायला मी फौजदार झाले. “बोट दाखवा, डबी काढा.” पाचव्या महिन्यातल्या एका पोरीची डबी सगळ्या रांगेसमोर कचऱ्याच्या बादलीत टाकली. डबी तिच्या सासूची होती आणि सासू शेजारीच उभी होती. ती पोर पुन्हा माझ्याकडे आली नाही. तिचा रक्तदाब त्या दिवशी थोडा वर होता. आठवड्यानं परत तपासायचा होता, तो कुणी तपासला की नाही, मला माहीत नाही. मिश्रीपेक्षा मोठा धोका मी तिच्या पदरात बांधला.

तिसरी चूक दारूची. पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करणारी एक मुलगी सातव्या महिन्यात माहेरी आली. आई बरोबर. घर ओळखीचं, म्हणून तो रकाना मी न विचारताच भरला. आठ दिवसांनी ती एकटी आली आणि दार लोटून घेऊन म्हणाली, “गर्भ राहिल्याचं दीड महिना कळलंच नव्हतं. दर शनिवारी मित्रमैत्रिणींबरोबर प्यायचे. नंतरही दोनदा वाइन घेतली. रेड वाइननं रक्त वाढतं म्हणे.” तिचा चेहरा पाहून मला राहवलं नाही. म्हणाले, “अगं, एक-दोन ग्लासांनी काय होतंय!”

हे मी कशाच्या आधारावर बोलले? कशाच्याच नाही. त्या रात्री पुस्तकं काढली. दारू वारेत गाळली जात नाही. आईच्या रक्तातून ती सरळ बाळात उतरते, आणि बाळाचं यकृत ती निस्तरण्याइतकं तयार नसतं. १९६८ साली फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लेम्वान यांनी दारू पिणाऱ्या आईबापांच्या १२७ मुलांची निरीक्षणं मांडली, तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९७३ मध्ये सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी त्या विकाराला नाव दिलं : लहान डोकं, अरुंद डोळे, पातळ वरचा ओठ, खुंटलेली वाढ. चेहऱ्यावर काहीच न दिसताही मेंदूचं नुकसान असू शकतं. ते शाळेत गेल्यावर उघडं पडतं. त्याच काळात आमचेच प्रसूतितज्ज्ञ अवेळी आलेल्या कळा थांबवायला गरोदर बाईला शिरेतून अल्कोहोल देत होते. म्हणजे खात्रीच्या सुरात चुकीचं सांगणारी मी पहिली नव्हे.

सकाळी तिला फोन केला. “काल मी बोलले ते बरोबर नव्हतं. गरोदरपणात इतकी दारू चालते, असं प्रमाण कुणालाच ठरवता आलेलं नाही. म्हणून आता थेंबही नको. थांबलीस त्या दिवसापासूनचा फायदा बाळाचाच.”

“मग बाळाला काही होईल का?”

“होईलच असं नाही. होणारच नाही, असंही मी म्हणू शकत नाही. बाळाच्या डॉक्टरांना मात्र हे नक्की सांग.”

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “आईला सांगू नका.”

आता वजन करायच्या निमित्तानं मी बाईला आतल्या खोलीत एकटीला नेते. “दात कशानं घासता? मिश्री लावता? किती वेळा? दिवस राहिल्याचं कळायच्या आधी बिअर, वाइन, दारू घेतली होती? झोपेच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या, खोकल्याचं औषध मनानं घेता?” हो म्हणाली तर चेहरा बदलायचा नाही. मिश्रीवालीला आधी पोट साफ व्हायचं औषध देते, मग डबीबद्दल बोलते. रोज पिणारी असेल तर घरच्या घरी एकदम बंद करू नका म्हणून बजावते. त्यात फिट येऊ शकते, ते काम दवाखान्यात दाखल होऊनच करायचं. मावशी अजून मिश्री लावतात. पण नवीन बाई आली की तिचं बोट माझ्याआधी त्या बघतात.

जुने केसपेपर माळ्यावर गठ्ठे बांधून ठेवलेत. उद्या एखाद्या विद्यार्थ्यानं त्यांवरून अभ्यास केला, तर त्या दहा-अकरा वर्षांत आमच्या तालुक्यातली एकही गरोदर बाई मिश्री लावत नव्हती, हे तो साधार सिद्ध करील. आधार म्हणून माझं अक्षर दाखवील.