ताणावरचं झाड

कालिंपोंगच्या नर्सरीतून मी ते डेंड्रोबियम नोबिले ऑर्किड घेतलं तेव्हा त्याच्यावर चौदा फुलं होती. पांढऱ्या पाकळ्या, कडांना जांभळट गुलाबी झाक आणि घशाशी किरमिजी डाग. सिक्कीमचं हे राज्यफूल. हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलांत झाडांच्या फांद्यांना मुळं चिकटवून वाढणारं. वर्तमानपत्रात गुंडाळून, विमानात मांडीवर धरून मी ते पुण्याला आणलं. नर्सरीवाल्यानं निघताना एवढंच सांगितलं होतं, ‘सर्दी में पानी कम.’ कम म्हणजे किती, हे विचारायचं राहून गेलं. ही 2017 च्या एप्रिलमधली गोष्ट.

पावसाळ्यात झाड खूश होतं. भोकाभोकांची मातीची कुंडी, त्यात कोळसा आणि नारळाच्या सोडणांचे तुकडे, बेडरूमच्या पूर्वेच्या खिडकीतलं ऊन. बुडातून दोन नव्या कांड्या निघाल्या आणि उसासारख्या पेरापेरानं वर चढल्या. दर आठवड्याला मी एकोणीस-एकोणीस खताचं पातळ पाणी देत होते. थंडी आली तरी देत राहिले. झाड हिरवंगार दिसत होतं, मग कशाला थांबायचं?

फेब्रुवारीत पेरांवर फुगवटे आले. मी मैत्रिणींना फोटो पाठवून मोकळी झाले. पंधरा दिवसांनी त्या फुगवट्यांतून पानं निघाली आणि पानांखालून मुळं. ऑर्किडवाले त्यांना पिल्लं म्हणतात. कांडीच्या पेरावर अख्खं छोटं झाड उगवतं. सहा पिल्लं आली, फूल एकही नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीत सांगोल्याचे मामा भाऊबिजेला आईकडे, म्हणजे आमच्याकडेच, आले होते. त्यांची डाळिंबाची बाग आहे. चहाचा कप हातात घेऊन खिडकीशी उभे राहिले, कांडी बोटांनी दाबून पाहिली आणि म्हणाले, ‘ह्ये झाड माजलंय. ताण दे की त्येला.’

ताण हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेय. डाळिंबाचा आंबे बहार धरायचा, तर आधी बागेचं पाणी तोडतात. पानं पिवळी पडून गळू देतात. मग छाटणी, खत, पाणी, आणि झाड कळ्यांनी भरतं. पाणी चालू ठेवलं की नुसता पाला वाढतो. विदर्भातल्या संत्र्यालाही हेच करतात. कालिंपोंगच्या त्या हिंदी वाक्याचा अर्थ मला सांगोल्याच्या माणसाकडून कळला याची थोडी लाज वाटली. डोंगरात पावसाळा संपला की हवा कोरडी आणि रात्री गार होतात. वाढ थांबते आणि कांडीत साठवलेल्या पाण्यावर झाड दिवस काढतं. तो गारवा आणि ती कोरड मिळाली तर पेरावरचा डोळा फुलाकडे वळतो. ऊबही आहे, पाणीही आहे, वर नत्रही मिळतंय, असं असेल तर पिल्लाकडे.

‘मरंल की रं ते,’ आई म्हणाली. चाळीस वर्षं पुण्यात काढूनही भावाशी बोलताना तिची भाषा सांगोल्याला परत जाते.

‘न्हाय मरत, आक्का. कांडीत पानी हाय त्येच्या.’

खत मी त्या दिवसापासून बंद केलं. पाणी आठ-दहा दिवसांतून एकदा, सकाळी, नुसता फवारा. ऊन मात्र पूर्ण. खरी अडचण गारव्याची झाली. बाहेर रात्री पारा 11 अंशांवर उतरायचा, तेव्हा बंद खिडकीच्या आत थर्मामीटर 20 च्या खाली यायला तयार नसे. झाडाला बरेच आठवडे रात्री 15 च्या खालचा गारवा हवा होता. मग कुंडी खिडकीच्या ग्रिलला टेकवली आणि रात्रभर काच उघडी ठेवायला सुरुवात केली. आई त्याच खोलीत झोपते. तिनं कानाला मफलर बांधला, पायात मोजे घातले आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं दोन-तीनदा खोकली.

डिसेंबरात पानं पिवळी पडून गळू लागली. कांड्यांवर सुरकुत्या आल्या. दुष्काळी गावात वाढलेल्या बाईच्या डोळ्यांसमोर, घरात नळ असताना, एक झाड तहानलेलं ठेवायचं म्हणजे काय, याचा मी तोवर विचार केला नव्हता. एकदा सकाळी पाहिलं तर कुंडीबाहेर लोंबणारी मुळं हिरवी दिसली. या मुळांवर स्पंजासारखा थर असतो. कोरडा असला की चंदेरी पांढरा दिसतो, आणि भिजला की आतला हिरवा रंग वर येतो. मी तर सहा दिवस फवारलं नव्हतं. तुळशीला घालून उरलेलं तांब्यातलं पाणी कुठं जात होतं, ते मुळांनीच सांगून टाकलं.

‘आई, तू पाणी घातलंस?’

‘घोटभर.’

तिला काय बोलणार? मी कुंडी तिच्या हाताला येणार नाही अशी ग्रिलच्या वरच्या दांडीला टांगली. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

उत्साहाच्या भरात मी त्याच हिवाळ्यात आणखी एक मूर्खपणा केला. हॉलमध्ये भेट मिळालेलं फॅलेनॉप्सिस होतं, लग्नाच्या हॉलांत आणि हॉटेलांच्या स्वागतकक्षांत दिसतं ते. तेही ऑर्किडच, म्हणून त्यालाही ताणावर टाकलं. त्याला साठवणीच्या कांड्या नसतात. जे काही पाणी असतं ते जाड पानांत आणि मुळांत. ते वर्षभर बेतानं पाणी मागतं. गार रात्रींचा त्यालाही फुलायला उपयोग होतो, पण पाण्यावाचून ठेवलेलं चालत नाही. जानेवारीत त्याची पानं जुन्या चपलेच्या कातड्यासारखी लुळी पडली. मग घाईघाईनं पाणी दिलं, तोवर मुळं पोकळ झाली होती. फोनवर मामांना सांगितलं तर म्हणाले, ‘हलक्या जमिनीला ताण कमी दिवस, भारी जमिनीला जास्त. सगळ्या बागंला एकच हिशेब लावलास व्हय?’ हे त्यांनी दिवाळीतच सांगायला हवं होतं. किंवा मी विचारायला हवं होतं.

फॅलेनॉप्सिस गेल्यावर नोबिलेच्या सुरकुत्या बघून मलाही धीर धरवेना. एक दिवस तर मी स्वतःच भरलेला तांब्या घेऊन खिडकीशी गेले होते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका कामासाठी आंबोलीला जाणं झालं. घाटाच्या कडेला एका झाडाच्या खोडावर, पान नावाला नाही अशा वाळक्या काड्यांचा झुबका होता आणि त्या काड्यांवर पांढऱ्या फुलांचे घोस. डेंड्रोबियम बार्बाट्युलम, आपल्या सह्याद्रीतलंच. पावसाळ्यात त्याला पानं असतात तेव्हा ते कोणाच्या नजरेत भरत नाही, आणि फुलतं तेव्हा अंगावर एक पान नसतं. खाली टपरीवाला भजी तळत होता. ‘बांडगूळ आहे ते,’ तो म्हणाला. बांडगूळ झाडाचा रस शोषतं, हे नुसतं बसायला जागा घेतं, असं मी त्याला समजावू लागले. त्यानं मान डोलावून प्लेट पुढे केली.

पुण्याला परतले तर पेरांवर फुगवटे आले होते. कळी की पिल्लू, ते एवढ्यात ओळखू येत नाही, आणि याच वेळी पाणी सुरू केलं तर कळीचंसुद्धा पिल्लू होऊ शकतं. तीन आठवडे मी भिंग घेऊन बघत होते. आईनं भिंग न घेताच एका सकाळी सांगितलं, ‘टोक बोथट आहे. फूल आहे.’ तिचं खरं निघालं. कळ्या वेगळ्या दिसायला लागल्यावर मी तांब्या तिच्याच हातात दिला.

मार्चच्या मध्यापर्यंत तीन कांड्यांवर सत्तावीस फुलं उमलली. खोलीत सकाळी मंद गोड वास यायचा. तुळशीच्या तांब्याचं पाणी जिच्यावर पडलं असावं, ती कडेची कांडी मात्र दोन पिल्लं घेऊन बसली होती. आईनं व्हिडिओ कॉल लावला आणि फोन खिडकीभर फिरवून भावाला एकेक फूल दाखवलं. मामा बराच वेळ बघत होते.

‘झकास. आता फळ कधी धरतंय?’

‘मामा, ह्याला फळं खायची नसतात. फुलंच.’

‘नुसती फुलं?’ पलीकडे थोडा वेळ शांतता. ‘आणि आक्का त्येच्यापायी थंडीत निजली?’